एका भिंतीसाठी पुण्याला

नागपूरला आम्ही नवीन घर बांधलं तेव्हा बैठकीतली एक भिंत नको तेवढी मोठी झाली. चूक गवंड्याची की आमची, हा वाद अजून मिटलेला नाही. बारा फूट लांब, पांढरीशुभ्र, रिकामी भिंत. आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं, तिथे घड्याळ लावू. जाऊबाईंनी धबधब्याचं एक चित्र सुचवलं, वायर जोडली की त्यातलं पाणी वाहतं म्हणे. मी मात्र जाहीर करून टाकलं की या भिंतीवर जिवंत चित्रकाराचं खरं चित्र लागेल आणि ते मी स्वतः पाहून आणीन.

"जिवंतच काहून?" ह्यांनी विचारलं.

"मेलेल्यांची आपल्याला परवडत नाहीत म्हणून."

पाटल्या करायच्या म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवले होते. या वयात पाटल्या घालून मी मिरवणार कुठे? खरी अडचण वेगळीच होती. चित्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासल्या. मायक्रोस्कोपखाली हिवतापाचा जंतू लपलेला असला तर मला सापडायचा, पण आजकालच्या चित्रासमोर उभी राहिले की वाटायचं, एक तर हे लोक मला बनवतात, नाही तर मी आंधळी आहे. यातलं खरं काय, याची फार दिवसांपासून उत्सुकता होती. म्हणून ऑक्टोबरात चार दिवस काढून मी पुण्याला गेले. मुक्काम खराडीत, माझ्या भाचीकडे. श्रुती तिचं नाव, आयटीत आहे.

पहिला दिवस: शनिवार पेठ

सकाळी श्रुतीनं पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर आणि वरून चमचाभर साखरसुद्धा. मी तर्री मागितली तर म्हणाली, "मावशी, इथे तर्री मिसळीवर असते, पोह्यांवर नाही." पाहुणी होते, तसेच खाल्ले.

खाऊन झाल्यावर तिच्या लॅपटॉपवर पुण्यातल्या चित्रदालनांचे पत्ते वाचत बसले. अक्षर फार बारीक. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "मावशी, यार! तुझी टिकली माझ्या स्क्रीनला चिकटवलीस!"

ही माझी जुनी खोड. मायक्रोस्कोपला डोळे लावले की कपाळ वरच्या कडेला टेकतं, घामानं टिकली सरकते. म्हणून मी ती काढून मायक्रोस्कोपच्या दांड्याला लावून ठेवायची आणि काम झालं की परत कपाळावर. निवृत्त झाले तरी हाताला समजलेलं नाही. सुईत दोरा ओवताना, तांदूळ निवडताना, कुठेही डोळे खुपसून पाहायला लागले की टिकली आपोआप निघते आणि जवळच्या जागी जाऊन बसते. आमच्याकडे ती फ्रिजवर सापडते, देवळीत सापडते, ह्यांच्या चष्म्याच्या डबीवरही सापडते. माझी टिकली साधीच असते. लाल, गोल, शर्टाच्या बटणाएवढी. सीताबर्डीवरून एकदम डझनभर पाकिटं आणते.

श्रुतीनं गाडीतून शनिवार पेठेत सोडलं. दालन एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. दारातच टेबलामागे लिमयेकाका बसले होते, दालनाचे मालक. सत्तरीचे, पांढरा सदरा, समोर शब्दकोडं.

"पाहायला आलात की विचारायला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"पाहायला आला असाल तर माझी गरज नाही. विचारायला आला असाल तर आधी पाहून या."

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. पण खोटं कशाला बोलू, मला ही सोय आवडली. कोणी मागे मागे फिरत नव्हतं.

एकाच चित्रकर्तीची बारा-तेरा चित्रं होती. नळीतले रंग दिसतच नव्हते कुठे. सगळीकडे गोणपाट. शेवटच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं, सात फुटांचं. फाडलेली पोती एकमेकांना सुतळीनं शिवलेली, त्यावर चुना, डांबर, नीळ. मधोमध एक जागा घासून घासून गुळगुळीत झालेली. खाली पाटी: शीर्षक नाही.

आधी मला हसू आलं. पोतं आहे, आणखी काय. मग जवळ गेले. पोत्यात जागोजागी भोकं होती आणि प्रत्येक भोकाच्या भोवती बारीक टाके. ती भोकं कशाची असावीत, आणि कोणी एवढ्या निगुतीनं त्यांना काठ का शिवावा? मी चष्मा वर केला, खाली केला, कडेनं पाहिलं, वाकून पाहिलं.

"काही हरवलंय का?" टेबलावरून काकांचा आवाज.

"समजून घेऊन राहिले."

"समजलं की मलाही सांगा. पंधरा दिवस झाले रोज समोर बसतोय."

तेवढ्यात एक वाजला आणि त्यांनी दिवे मालवायला घेतले. एक ते चार बंद. मी अक्षरशः चपला हातात घेऊन बाहेर. श्रुती जेवायच्या सुट्टीत न्यायला आली होती.

"आवडलं का काही?"

"माहीत नाही."

"आणि टिकली कुठाय?"

कपाळाला हात लावला. पडली असेल कुठे. पर्समधून दुसरी काढून लावली आणि आम्ही जेवायला गेलो.

दुसरा दिवस: कसबा पेठ, आणि परत शनिवार

सकाळी कोरेगाव पार्कातल्या एका झगझगीत दालनात गेले. तिथे काचेचं दार, गार हवा आणि सूट घातलेला एक तरुण. एका निळ्या चौकोनासमोर मला उभं करून तो म्हणाला, "हे वर्क स्पेसला क्वेश्चन करतं, मॅम."

"मग स्पेस काय उत्तर देते?"

तो मोकळं हसला. "खरं सांगू? मला पण सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. एवढंच सांगतो, घरी गेल्यावर जे परत परत आठवेल ना, तेच घ्या." मग त्यानं मला कॉफी पाजली. निळा चौकोन मी संध्याकाळपर्यंत विसरले, तो मुलगा मात्र लक्षात राहिला.

दुपारी कसबा पेठेत तांबटांच्या आळीत शिरले. तिथल्या ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. एका म्हाताऱ्या कारागिराकडे लहानसा तांब्या घेतला. मी बोटानं त्यावरचे ठोके चाचपून पाहत होते, तर ते म्हणाले, "बाई, हातानं काय कळणार? उजेडाला धरा आणि फिरवा." फिरवला, तर सगळे ठोके एकामागून एक चमकून गेले. दोन दिवसांत मिळालेलं हे सगळ्यात कामाचं शिक्षण. आणि तो तांब्या फिरवताना मला त्या पोत्यातली भोकं आठवली. नको म्हटलं तरी आठवली.

म्हणून पाच वाजता पुन्हा शनिवार पेठ. टेबलामागे आता काकांच्या बहीण सुमतीताई होत्या. सकाळी भाऊ, संध्याकाळी बहीण अशी त्यांची वाटणी. दोघं गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण दालन दोघांचं आहे, म्हणून वजनाखाली चिठ्ठ्या ठेवून कारभार चालतो. हे त्यांनीच मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

मी थेट शेवटच्या भिंतीपाशी गेले. मोठ्या चित्राच्या शेजारी, पाटीच्या वर, एक लाल ठिपका होता.

"गेलं ते," सुमतीताई म्हणाल्या. "लाल ठिपका लागला की चित्र विकलं गेलं असं समजायचं. मग दुसऱ्यानं विचारायचं नाही, अशी पद्धत आहे."

मी हळहळले, तेही काल ज्याला हसले त्या पोत्यासाठी! "कोणी घेतलं?"

"नाव दादाला ठाऊक. काल संध्याकाळी मी आले तेव्हा ठिपका लागलेला होता. आज त्याची चिठ्ठी पण आहे." त्यांनी दाखवली. 'सुमती, मोठं चित्र गेलेलं पाहिलं. बरं झालं. पंखा बंद करत जाणे.'

कोण असेल घेणारा? कोणी बंगलेवाला असेल, सोफ्याच्या रंगाला जुळतं म्हणून घेऊन गेला असेल. त्या अनोळखी माणसाचा मला इतका राग आला की मलाच नवल वाटलं.

तेवढ्यात आतून एक पस्तिशीची बाई आली. सुती कुर्ता, नखांत चुना. ही रूपाली, चित्रकर्ती. मी तिला म्हटलं, "तुमचं चित्र मला घ्यायचं होतं, उशीर झाला." तर तिनं माझे दोन्ही हातच धरले. तिचं हे तिसरं प्रदर्शन. आधीच्या दोन्हींत एकही चित्र गेलं नव्हतं. अर्धवेळ शिकवून, मार्केट यार्डातली एक खोली भाड्यानं घेऊन ती काम करते. यंदाही काही गेलं नाही तर खोली सोडायची आणि कऱ्हाडच्या शाळेत पूर्णवेळ चित्रकलेच्या बाई म्हणून लागायचं, असं तिनं ठरवलं होतं. शाळेला उत्तर कळवायची आजची शेवटची तारीख होती.

"काल संध्याकाळी सुमतीताईंचा फोन आला," ती म्हणाली. "आज सकाळी मी शाळेला नाही सांगून टाकलं, काकू. पहिल्यांदा असं झालं. माझी खोली बघायला याल?"

तिचा आनंद पाहून बंगलेवाल्यावरचा माझा राग थोडा उतरला.

तिसरा दिवस: मार्केट यार्ड

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी सातला गेलं की ऑक्टोबरचा उकाडा पण कांद्याच्या वासापुढे हरतो. हातगाड्या, टेम्पो, "वाट, वाट" म्हणत पाठीवर पोतं घेऊन पळणारे हमाल. आमचं कॉटन मार्केट मोठं म्हणून मी गमजा मारायची, त्या इथे निमूट गिळल्या.

रूपालीचे वडील बबनराव इथेच हमाल. चाळीस वर्षं झाली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. त्यांनी आधी मला एका पोत्यावर बसवलं आणि खिशातून कागदात बांधलेला पेढा काढला.

"घ्या. पोरीचं चित्र गेलं. समद्या टोळीला पेढे वाटले काल."

"अभिनंदन! चित्र पाहिलं का तुम्ही?"

"पायलं की. मला त्यातलं काय कळत न्हाई बगा. पोतंच हाय ते, माझंच. पन चाळीस वर्सं उचलली, भिंतीवर कुनी लावलं न्हवतं." आणि त्यांनी तोंड फिरवून गमछ्यानं घाम पुसला. घामच होता असं आपण समजू.

मी पेढा खाल्ला. चांगला होता, म्हणून श्रुतीसाठी अजून एक मागून घेतला.

रूपालीची खोली कांद्याच्या गाळ्यावर आहे. लोखंडी जिना, वर पत्रा. तिथे मला भोकांचा उलगडा झाला. हमाल पोतं उचलताना त्यात लोखंडी आकडा रुतवतात, त्याची ती भोकं. वडिलांनी उचललेली पोती ती व्यापाऱ्यांकडून मागून आणते, उलगडते, आणि प्रत्येक भोकाला काठ शिवते. मधली गुळगुळीत जागा खांद्यावर घासून झालेली.

"तसंच एक मला करून द्या की," मी म्हटलं.

"तसंच दुसरं होत नाही हो, काकू." भिंतीला नवीन पोती ताणलेली होती. "हे कालच सुरू केलं. चित्र गेलं म्हटल्यावर हातच थांबेना."

निघताना वाटलं, मोकळ्या हातानं परत जाणार, पण आंधळी नाही एवढं तरी कळलं.

चौथा दिवस: शनिवार पेठ

संध्याकाळची गाडी होती. सकाळी त्या चित्राचा निरोप घ्यायला गेले. काका आणि त्यांचं शब्दकोडं आपापल्या जागी. मी चित्रापाशी गेले, आणि डोळा त्या लाल ठिपक्यावर गेला. त्याची कड किंचित पिवळी होती. हळदीच्या बोटानं धरल्यासारखी. आणि पृष्ठभाग मखमली.

मी कपाळावरची टिकली बोटानं चाचपली, तीही तशीच.

"काका, तुमचे ते ठिपके कागदाचे असतात की कापडाचे?"

"कागदाचे. कापडाचे लावायला इथे काय लग्न आहे?"

मी कपाळावरच्या टिकलीकडे बोट दाखवलं आणि मग भिंतीकडे. काका उठले, चष्मा बदलून आले, पाहिलं. मग नोंदवही उघडली. चित्रापुढचा नावाचा रकाना कोरा होता. भावाला वाटलं बहीण भरेल, बहिणीला वाटलं भावानं भरला असेल. एका शब्दानं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. माझ्याच टिकलीचा पेढा मी खाल्ला होता, वर एक मागूनही घेतला होता.

"मी रूपालीला बोलावतो," काका हळू म्हणाले. "पण सांगायचं तुम्ही. टिकली तुमची आहे."

ती अर्ध्या तासात स्कूटरवर आली. मी सगळं सांगितलं. मायक्रोस्कोप, हाताची खोड, पहिला दिवस, सगळं. ती बाकावर बसली. मग म्हणाली, "बाबांनी टोळीला पेढे वाटले, काकू."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "मी घेते चित्र. आत्ता. पैसे आहेत माझ्याकडे."

"नको."

"अहो, पण मला तसंही..."

"चुकीची भरपाई म्हणून नको. तुमच्या भिंतीवर ते कायम चूक म्हणूनच राहील. रोज बघाल आणि तुम्हाला टिकली आठवेल." ती उठली, नखानं हळूच टिकली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "शाळेला पुन्हा फोन करून बघते. जागा भरली नसेल अजून."

ती म्हणत होती त्याहून वाईट शंका माझ्याच मनात होती. पहिल्या दिवशी चित्र घ्यावं असं मला वाटलं नव्हतं. ते दुसऱ्याचं झालं म्हटल्यावर वाटलं. साडीच्या दुकानात शेजारणीनं उचललेली साडीच आपल्याला आवडते, तसलंच हे नसेल कशावरून? मी तिला तसं सांगूनही टाकलं. निदान आता तरी खोटं बोलायचं नव्हतं.

"गाडीला वेळ आहे," मी म्हटलं. "जरा बसू का समोर?"

"बसा ना."

ती शेजारी बसली, फोन हातात धरून. मी पाहायला लागले. एकतीस वर्षं काच पाहिली तसंच, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, एक पट्टा संपला की खालचा. चुना, डांबर, भोक, टाके. भोक, टाके. कांद्याचं एक साल शिलाईत अडकलेलं होतं. नीळ जिथे चुन्याला भेटते तिथे नागपूरच्या उन्हाळ्यातल्या पहाटेसारखा एक रंग होता. पुढच्या पट्ट्यात मी अडखळले. परत मागे गेले. सगळ्या भोकांना उजवीकडे कलणारे टाके, आणि त्या गुळगुळीत जागेच्या खाली तीन भोकांना मात्र डावीकडे कलणारे. जाड, वेडेवाकडे, पण घट्ट.

"रूपाली, इथे टाके उलटे काहून आहेत?"

तिनं मान वर केली. "कुठे?"

"हे तीन. हा तुमचा हात नाही."

ती चित्राकडे वाकली. "ते बाबांनी घातलेत. एका रविवारी माझं मनगट सुजलं होतं, तर त्यांनी दाभण घेतला. डावखुरे आहेत ते." मग म्हणाली, "हे आजपर्यंत कोणाला दिसलं नव्हतं."

म्हणजे 'मला काही कळत नाही' म्हणणाऱ्या बबनरावांनी त्यात हात घातला होता, आणि पेढा देताना ते बोलले नव्हते. मी अजून पुढे वाकले. त्या तीन भोकांत आकडा कोणत्या बाजूनं शिरला असेल ते पाहत होते. किती वेळ गेला ठाऊक नाही.

"काकू," रूपालीचा आवाज आला, अगदी हळू. "तुमची टिकली."

तळहातावरची जुनी टिकली मी केव्हाच पर्समध्ये टाकली होती. पण माझं कपाळ पुन्हा मोकळं होतं. आज सकाळी लावलेली टिकली बोटाच्या टोकावर होती, आणि बोट हवेत जागा शोधत होतं.

आम्ही दोघीही त्या बोटाकडे पाहत राहिलो. आधी ती हसली की आधी तिचे डोळे भरले, ते मला सांगता येणार नाही.

"कुठे लावू?" मी विचारलं.

"जिथे होती तिथेच लावा," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

लावली. काका टेबलाच्या खणातून कागदी ठिपक्यांची डबी घेऊन आले, भिंतीकडे पाहिलं आणि डबी तशीच परत घेऊन गेले. "राहू द्या. आमच्यापेक्षा तुमचा गोंद चांगला आहे."

मग त्यांनी नोंदवहीत माझं नाव लिहिलं, गाव विचारून घेतलं, आणि मला पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा न मागता पाणी दिलं. निघताना मी पाहिलं, ते बहिणीसाठी चिठ्ठी लिहीत होते. वजनाखाली सरकवण्याआधी मी ती वाचली.

'सुमती, मोठं चित्र गेलं. या वेळी खरंच.'